अकरा फाटकं

नकाशाच्या एका कोपऱ्यावर मिठाची बरणी,
दुसऱ्यावर थेनच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली,
तिसरा सारखा गुंडाळतोय,
त्याला मी कोपरानं दाबून धरलंय.
चौथा फाटलाय. तिथं तसंही काही नव्हतं.
थेन म्हणतो, तिथंच तर सगळं होतं.

चाळीस वर्षं मी या गाडीत उजव्या बाजूला बसले.
माझं काम फाटकं उघडायचं.
उतरायचं, साखळी काढायची, पल्ला ओढत न्यायचा,
गाडी पुढं गेली की पल्ला परत, साखळी परत,
आणि धुरळा खात चढायचं.
गुरं कुणाची का असेनात,
फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं.
शेवटच्या चढावर मी डोळे मिटून घ्यायचे.
तो हसायचा, आणि दगडावर चाक असं टेकवायचा
की झोपलेलं मूलच खाली ठेवतोय.

आता त्याला मधलं दिसत नाही.
कडेकडेचं दिसतं: माझा कान, पण मी नाही;
बशी, पण बिस्कीट नाही.
तेव्हा ठरलंय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
मी चालवणार.

ब्लँडिंगच्या गॅरेजात लोरिंडानं गाडीखालून
नुसता हात बाहेर काढून बोटं मोजली.
पाणी माणशी रोज चार लिटर, वर दोन दिवसांचं जास्त.
स्टेपनी दोन. एक म्हणजे नसल्यासारखीच.
वाळू लागली की टायरची हवा पस्तिसावरून अठरावर.
"आणि वर्ला, जिथं आधी उतरून चालत जायचा धीर होत नाही,
तिथं गाडी घालायची नाही."
मग सरकत बाहेर आली, हाताचं ग्रीस पुसलं, म्हणाली,
माझी आजी त्या कॅन्यनमध्ये मेंढ्या न्यायची.
नकाशा नव्हता तिच्याकडे. कुत्रा होता.
बिल मात्र तिनं पूर्ण लावलं.

रात्री जेवणानंतर तो बोलतो, मी पेन्सिल चालवते.
"पहिल्या फाटकानंतर वाट तीनदा डावीकडं झुकते,
तिसऱ्यांदा जरा जास्त.
मग पांढरा खडक, पालथ्या तव्यासारखा. मग ओढा..."
ओढ्याचं राहू दे, मी म्हणते.
गेल्या ऑगस्टच्या लोंढ्यानं तो उकरून नेला,
आता तिथं पुरुषभर उंचीचा कडा आहे.
लोंढा असा की डोक्यावर आभाळ निळंशार,
आणि पाऊस पडून गेलेला तिसऱ्याच कुणाच्या रानात.
तो गप्प होतो. मग विचारतो,
"आणि कॉटनवुडचं झाड?"
माहीत नाही.
मी तिथं एक गोल काढते, रिकामा.

शनिवारी परसात हवा सोडायचा सराव केला.
फुस्स झालं की कुंपणापलीकडून अर्डेथचा कुत्रा
साप दिसल्यासारखा भुंकायचा.
अठरा म्हणता म्हणता काटा बारावर.
पायपंपानं परत भरताना घामाघूम झाले.
थेन पायरीवर बसून आवाजावरून सांगत होता,
"अजून. अजून. थांब."
गेजवर बरोबर अठरा.
मी त्याला सतरा सांगितलं.

अर्डेथनं विचारलंच, आणि फाटकं कोण उघडणार?
अकरा आहेत. मी मोजलीत.
दुसरं केलंय काय?

काल संध्याकाळी शेडच्या दाराला साखळी घातली
आणि त्याला गाडीतून उतरवलं.
बोनेटला हात लावत लावत तो पुढं गेला,
हवेत चाचपडला, साखळी सापडली,
आकडा उलटा होता, त्यानं शिवी हासडली,
रविवार असूनही.
मग पल्ला ओढून कडेला उभा राहिला, छाती काढून,
माझ्याकडे नाही,
माझ्या जरा शेजारी बघत.
मी पहिला गिअर टाकला. गाडी बंद पडली.
दुसऱ्यांदा गेली.

यादीत अजून लिहायचंय:
दोरखंड, काडेपेटी, त्याची टोपी, फावडं.
शेवटच्या चढावर डोळे कुणी मिटायचे,
ते अजून ठरलेलं नाही.